पंडितसाहेबांचं पाणी

गंगाराम भुवड आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना दारापुढच्या खळ्यातच थांबवलं होतं. "मंत्रबिंत्र म्हणायचे असतील तर आत येऊ नका," असं तोंडावर सांगितलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे माझं तोंड जरा जास्तच चालतं असं प्रभावती वहिनी म्हणते. पण कारणही तसंच होतं. माझ्या भावाचा, बाबाजीचा, एकुलता मुलगा प्रथमेश सैन्यात भरती झाला होता आणि ते ऐकून वरच्या वाडीतले, सैन्यातून निवृत्त झालेले हे पंडित आमच्या बौद्धवाडीत उगवले होते. छप्पन सालानंतर आमच्या आजोबांनी देव्हारा नदीत सोडला, तेव्हापासून पंडित म्हणून कुणी या उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. त्याआधीही कुणी आलं नव्हतं, तो भाग वेगळा.

"मंत्र म्हणायला नाय आलो, बाय," ते म्हणाले. "पाणी प्यायला आलोय."

वहिनीने तांब्या-भांडं आणलं. भांडं बाजूला ठेवून त्यांनी तांब्याच वर धरला आणि तळापर्यंत पाणी प्यायले. मग प्रथमेशला समोर बसवून विचारलं, "त्रिसरण पाठ आहे ना रे? तिकडे थंडीत उपयोगी पडतं." आणि स्वतःच त्रिसरण, पंचशील धडधडीत म्हणून दाखवलं. पाचव्या शीलाशी माझी जीभ अजून अडखळते, त्यांची अडखळली नाही. मला कौतुक वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर रागच आला.

हे पंडित जन्माने कुणबी. चिपळूणला मामाकडे राहून संस्कृतच्या नादी लागले, पुढे पुण्याला जाऊन शास्त्री झाले, आणि पोटापाण्याचं काय करायचं हा प्रश्न पडला तेव्हा सैन्याला धर्मगुरू हवेत अशी जाहिरात निघाली. दंडबैठका मारून, धावून, संस्कृतात परीक्षा देऊन ते नायब सुभेदार म्हणून लागले. गावाला हे सगळं नाटकच वाटलं. कुळवाड्याचा पोर भटजी झाला म्हणून लोक हसले. निवृत्त होऊन ते परत आले तरी गावात एकाही सत्यनारायणाला त्यांना कुणी बोलावलं नाही. ज्यांच्या हातचा प्रसाद अख्ख्या पलटणीने खाल्ला, ते गावच्या एका चौरंगाला चालेनात. त्यांना विचारलं की म्हणायचे, "बरं झालं की. गुडघे धरलेत, मांडी घालून कुठे बसवतंय."

एसटी स्टँडवरच्या टपरीवर त्यांची मस्करी चालायची. लढाईत भटजी काय करतो, तोफेला हळदकुंकू लावतो काय, असं कुणीतरी विचारायचं आणि सगळे चहा सांडेपर्यंत हसायचे. मलाही ते कोडंच होतं. म्हणून एका सव्वीस जानेवारीला मी त्यांना शाळेत बोलावलं. पाहुणा फुकट मिळतोय, हाही विचार होताच.

त्या दिवशी ते मुलांपुढे उभे राहिले आणि भाषण असं काही केलंच नाही. गोष्टी सांगितल्या. पलटणीत देऊळ, मशीद, गुरुद्वारा आणि चर्च एकाच छपराखाली कसं असतं, रविवारी सगळ्यांनी कसं जमायचं, आणि मौलवीसाहेब रजेवर गेले की त्यांच्या खोलीची झाडलोट पंडिताने कशी करायची. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेलेल्या हिंदी पलटणींबरोबरसुद्धा पंडित, मौलवी आणि ग्रंथी होते, हे त्यांनीच सांगितलं. तेव्हाच्या जवानांना गोळीइतकीच धास्ती असायची की समुद्र ओलांडला म्हणून घरी गेल्यावर जातीत घेतील का. पंडिताचं अर्धं काम ती धास्ती काढण्यात जायचं.

मग कारगिलचं सांगितलं. तेव्हा ते तरुण होते, जखमींच्या तंबूत त्यांची नेमणूक होती. स्ट्रेचर उचलायचं, सलाईनची बाटली धरून उभं राहायचं. गंगाजलाची कुपी थंडीने गोठायची म्हणून ती काखेत ठेवून फिरायचे. एक बौद्ध जवान शेवटच्या घटकेला त्रिसरण म्हणा असं म्हणाला आणि यांना ते येत नव्हतं. शेजारच्या स्ट्रेचरवरच्या जखमीने एकेक ओळ सांगितली आणि यांनी ती मागून म्हटली. पंचशील पाठ केलं ते त्यानंतर. मी मुलांना टाळ्या वाजवायला सांगितलं, कारण दुसरं काय करावं मला सुचेना.

त्याच दिवशी त्यांनी ती पाण्याची गोष्ट सांगितली. युद्धात धर्मगुरूचं सर्वांत वाईट काम तंबूत नसतं, मागे छावणीत असतं. साहेबाबरोबर जवानाच्या घरी जायचं आणि बायकोला सांगायचं. त्यांच्या पलटणीतल्या म्हाताऱ्या मौलवीसाहेबांनी त्यांना शिकवलं होतं की खबर आधी, पाणी नंतर. घरची बाई पाण्याचा पेला पुढे करते. तो पिऊन मग बातमी सांगितली तर तिला जन्मभर वाटत राहतं की आपल्या हातचं पाणी पिऊन या माणसाने आपलं घर बुडवलं. म्हणून पंडितसाहेब अशा घरी कधी पाणी प्यायले नाहीत. छावणीतल्या बायकांना हे कळायला वेळ लागला नाही. पंडितजी आले की त्या आधी पाणी पुढे करायच्या आणि त्यांच्या हाताकडे बघत राहायच्या.

मुलांनी ही गोष्ट घरोघर नेली. आमच्या गावातली बरीच पोरं सैन्यात आहेत. गावाने पंडितांची पूजा घेतली नाही, पण त्यांची ही रीत तेवढी उचलली. ते कुठल्याही दारात आले की तांब्या पुढे यायचा. ते प्यायले की घरातल्या बाया सुटकेचा श्वास टाकायच्या आणि मग पावसाबद्दल, काजूच्या बियांच्या भावाबद्दल बोलणं सुरू व्हायचं.

गेल्या वर्षी मे महिन्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या तेव्हा या रिवाजाचं ओझं झालं. प्रथमेश तेव्हा तिकडेच, वरच्या कुठल्याशा चौकीवर होता. नेमकं कुठे ते त्याने कधी सांगितलं नाही. दिवसातून एकदा फोन यायचा, तो यायचा थांबला. बाबाजी मुंबईला कंपनीत, तो तिकडून टीव्ही बघून बघून मला फोन करायचा. टीव्हीवरची माणसं कोट घालून अशी ओरडत होती की लढाई त्यांच्याच बैठकीत चाललीय असं वाटावं. आमच्या वाडीत रेंज नाही. शाळेच्या वरच्या पायरीवर उभं राहिलं तर थोडी मिळते. वहिनी आंब्याची साठं घालायची सोडून सकाळ-संध्याकाळ त्या पायरीवर जाऊन बसायला लागली. फोन मांडीवर ठेवायची आणि पदराने पुसत राहायची.

पंडितसाहेबांनी त्या दिवसांत फेरी सुरू केली. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी निघायचे आणि ज्यांची ज्यांची मुलं सैन्यात आहेत त्या प्रत्येक घरी जाऊन पाणी पिऊन यायचे. बोलणं फारसं नाही. खळ्यात उभे राहायचे, तांब्या वर धरायचे, गटगट प्यायचे, "येतो" म्हणून पुढच्या दारी. मी चेष्टा केली, "पंडितसाहेब, आमच्याकडे मेमध्ये पाण्याची बोंब आणि सगळं पाणी तुमच्या पोटात." ते म्हणाले, "माझ्या पोटात हाय तवर बरं हाय, बाय." तेव्हापासून मी त्यांची चेष्टा केली नाही.

आमच्याकडे ते फेरीच्या शेवटी यायचे, कारण आमची वाडी ओढ्यावरच्या साकवाच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, पलीकडे. साकव आमच्या खळ्यातून दिसतो. ऊन चढलं की वहिनी तांब्या भरून ओट्यावर ठेवायची आणि साकवाकडे बघत बसायची. ते दिसले की उठायची. ते प्यायले की ती दोन घास खायची. तिचं जेवण त्यांच्या पाण्यावर अवलंबून राहिलं होतं.

एक दिवस ते आले नाहीत.

आधी वाटलं उशीर झाला असेल. मग वाटलं ऊन लागलं असेल, गुडघे दुखत असतील. दुपार कलली तरी वहिनी जेवली नव्हती. मी शेजारच्या वाडीतल्या एकीला विचारलं, तुमच्याकडे आले होते काय? ती म्हणाली, "आले की. पाणी पिऊन गेले." दुसरीकडेही गेले होते. सगळीकडे गेले होते, फक्त साकव ओलांडून अलीकडे आले नव्हते. हे मी वहिनीला सांगितलं नाही, पण ती माझ्याकडे बघत होती आणि मला चेहरा लपवता येत नाही.

मी तशीच वरच्या वाडीत गेले. ते आपल्या पडवीत बसले होते, पायात चपला तशाच. मला बघून उठले.

"का आला नाहीत?" मी विचारलं. मला ओरडायचं नव्हतं, पण आवाज चढला.

"बस, बाय."

"मी बसायला नाही आले. सांगा."

त्यांनी सांगितलं. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक तरुण धर्मगुरू आता त्याच भागात होता. सकाळी त्याच्याशी फोनवर बोलणं झालं. प्रथमेशच्या चौकीवर गोळा पडला होता. एकजण गेला, दोघं जखमी होते, बाकीचे सुखरूप.

"नाव?"

"नाव सांगत नाय तो."

"तुम्हाला सांगत नाही? तुम्ही त्याचे गुरू ना?"

"म्हणूनच सांगत नाय. मीच शिकवलंय त्याला. गेलेल्याचं नाव आधी त्याच्या घरी जाईल, मग दुसऱ्याच्या कानावर. आणि एकाचं जरी नाव सांगितलं तरी बाकीच्यांची ओळखता येतात." ते पुन्हा खाली बसले. "बाय, मला अर्धंच ठाऊक हाय. अर्ध्या बातमीवर तुमच्या घरचं पाणी मी कसा पिऊ? आणि न पिता तुझ्या वहिनीसमोरून उठू कसा?"

मला त्यांची कीव आली नाही. मला फार राग आला. त्यांच्या त्या मौलवीसाहेबांचा, त्या शिष्याचा, शाळेत ती गोष्ट सांगायला बोलावणाऱ्या माझा स्वतःचाही. साधा माणूस असता तर थाप मारून पाणी प्यायला असता आणि एका बाईला एक रात्र झोप मिळाली असती. हे मी बोलून दाखवलं. ते म्हणाले, "एकदा खोटं पाणी प्यायलो की उद्यापासून गावात माझ्या पाण्याला कोण विचारतो?" मी तशीच निघाले.

घरी येऊन वहिनीला सांगितलं की पंडितसाहेबांना ताप आहे. तिने ते ऐकून घेतलं. चुलीपाशी जाऊन भाकरीचं पीठ मळायला बसली आणि मळतच राहिली.

सकाळी मी तोंड धुवायला मागच्या दारी गेले तर पाण्याचं पिंप रिकामं. स्वयंपाकघरात दोन्ही हंडे पालथे. कळशी पालथी. आदल्या दिवशी टँकर आला होता, आम्ही दोघींनी मिळून सगळं भरून ठेवलं होतं. वहिनी जास्वंदीच्या बुडाशी उभी होती आणि तिच्या हातात शेवटची बादली होती. मातीने सगळं पिऊन टाकलं होतं, नुसती ओल दिसत होती. ओट्यावरचा तांब्यासुद्धा रिकामा करून तिने उपडा घातला होता.

"वहिनी, हे काय?"

"आज ते येतील," ती म्हणाली. "घरात पाणीच नसलं तर मी देणार कुठून? मी दिलंच नाय, तर ते प्यायले नाय असं तर होनार नाय ना गो."

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, बादली जागच्या जागी ठेवली आणि खळ्यात जाऊन बसली, साकवाकडे पाठ करून. मुलं शाळेत बेरीज चुकवतात तेव्हा मी त्यांना कारण विचारते आणि दर वेळी त्यांच्याकडे काहीतरी कारण असतं. वहिनीचं कारण मला कुठल्याच मुलाच्या कारणापेक्षा चुकीचं वाटलं नाही.

ते आले. साकवावर मला आधी त्यांचं डोकं दिसलं, मग पांढरा सदरा. फेरीच्या शेवटी येणारा माणूस आज सगळ्यात आधी आमच्याकडे येत होता. चालताना त्यांचा एक गुडघा वाकत नव्हता तरी ते भरभर चालत होते. एरवी कोण भरभर चालतं, बरी बातमी असलेला की वाईट, याचा मी विचार करत राहिले आणि मला काही ठरवता आलं नाही. वहिनीने मागे वळून पाहिलं नाही, पण चपलांचा आवाज खळ्यात आला तशी तिची मान खाली गेली.

ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले. ओट्यावरचा उपडा तांब्या त्यांनी पाहिला. दारातून आतले पालथे हंडे दिसत होते, तेही पाहिले. छावणीत आयुष्य घालवलेला माणूस, त्यांना कळायला वेळ लागला नसावा. दम लागला होता, तरी ते बसले नाहीत.

"प्रभावतीबाय," ते म्हणाले, "पाणी दे आधी."

वहिनीने वर पाहिलं.

"पाणी दे मला. तहान लागलीय."

ती एकदम उठली. आत गेली, हंडा हलवून पाहिला, कळशी हलवून पाहिली, पिंपात हात घातला. मग बाहेर आली आणि कळशी काखेला मारून, पायात काही न घालता, विहिरीकडे धावत सुटली. ती लग्न होऊन आल्यापासून तिला धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मीही मागे धावले. विहिरीला मेमध्ये तळालाच पाणी असतं. दोर संपत आला तरी कळशी भरल्याचा आवाज येईना. तिने विहिरीच्या काठावर पालथं पडून दोर आणखी खाली सोडला. वर आलं ते पाणी चिखलाचं होतं. ती हसत होती आणि रडत होती आणि तोंडाने "थांबा हां भाऊ, थांबा," असं म्हणत होती, जसं काही ते तिथेच उभे होते.

परत आलो तर पंडितसाहेब तसेच उभे होते. वहिनीने पदराच्या टोकाने पाणी गाळून तांब्यात घेतलं आणि पुढे केलं. घाईत अर्धं त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. त्यांनी तांब्या वर धरला आणि प्यायले. मातीचा वास मला लांबून येत होता.

मग ते ओट्यावर बसले आणि तिला समोर बसवलं.

"जिवंत हाय," ते म्हणाले. "माझ्या माणसाने त्याला रात्री इस्पितळात डोळ्यांनी बघितलंय. बोललाय त्याच्याशी. तुझी आठवण काढली. पलटणीतून तुला फोन येईल, तवर मी सांगतोय. डावा पाय गेला, बाय. गुडघ्याच्या खालनं. तेवढं ऐकून घे."

वहिनी त्यांच्या सदऱ्यावरच्या ओल्या डागाकडे बघत राहिली. पाय हा शब्द तिने एकदा नुसता ओठांनी म्हटला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने तो ठेवू दिला. मला वाटलं, आता ती मोठ्याने रडेल. मीच रडत होते.

"येऊ दे घरी," ती शेवटी म्हणाली. "मी हाय ना." मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "भाऊ, जो गेला तो कुनाचा?"

"वाशिमकडचा. आई हाय त्याला."

"तिच्याकडे कोन गेलं?"

"काल सांजेला तिकडचे साहेब गेले होते. तिला कळल्यावरच आज पहाटे माझ्या शिष्याने मला प्रथमेशचं सांगितलं."

काल दिवसभर आम्ही ज्याची वाट पाहत होतो ते कशासाठी थांबलं होतं, हे मला तेव्हा समजलं. मी पंडितसाहेबांवर ज्या रीतीसाठी ओरडले होते, ती त्या बाईसाठी होती. मला लाज वाटली, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. ते वहिनीकडे बघत होते.

"तिने पन तांब्या पुढे केला असंल," वहिनी म्हणाली.

पंडितसाहेबांनी मान हलवली.

वहिनीने तांब्यात उरलेलं पाणी ओतून टाकलं नाही. ते भिंतीवरच्या तसबिरींखाली नेऊन ठेवलं, शेजारी एक मेणबत्ती लावली, आणि पंडितसाहेबांना म्हणाली, "भाऊ, त्या पोरासाठी म्हनाल काय?" त्यांनी चपला काढल्या, आत येऊन गुडघा न वाकवता कसेबसे बसले, आणि त्रिसरण, मग पंचशील म्हणायला लागले; मीही त्यांच्याबरोबर म्हणत होते. पाचव्या शीलाशी माझी जीभ नेहमीसारखी अडखळली. ते थांबले, मला गाठू दिलं, आणि मग पुढे म्हणाले.